साडूभाऊंचे दहा अल्बम

हिंगोली जिल्ह्यात गाणी ऐकणारी माणसं घरोघर आहेत, पण अल्बम ऐकणारा माणूस एकच आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. हे मी कौतुकानं म्हणतोय की तक्रारीनं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. गाणं ऐकणं वेगळं आणि अल्बम ऐकणं वेगळं, हा त्यांच्या आयुष्याचा सिद्धांत. अल्बम म्हणजे पहिल्या गाण्याच्या पहिल्या ठेक्यापासून शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या टाळीपर्यंत, मधलं एकही न गाळता, गाणाऱ्यानं लावलेल्या क्रमानं, एका बैठकीत ऐकायची वस्तू. मग तो भीमगीतांचा असो, भजनांचा असो, लग्नातल्या नाचायच्या गाण्यांचा असो की कुणा नव्या गझलवाल्याचा असो. आता मोबाइलवर सगळे एकेक गाणं सोडतात आणि लोक अर्धं ऐकून अंगठ्यानं पुढं ढकलतात, याचा त्यांना एवढा त्रास होतो की त्यांच्यासमोर कुणी गाणं पुढं ढकललं तर ते चहा अर्धा ठेवून उठून जातात. मी स्वतः दोनदा त्यांचा उरलेला चहा प्यालोय. 'एका कांडीवर पोतं पास करता का तुमी?' असं ते जाता जाता विचारतात, आणि ज्याला हळदीचा धंदा ठाऊक नाही तो माणूस बावचळून आपल्याच हातातल्या कपाकडं बघत राहतो.

ही कांडी हळदीची. साडूभाऊ राहतात सेनगावात, पण रोज सकाळी जीपनं हिंगोलीला येतात आणि मोंढ्यात, म्हणजे तिथल्या घाऊक बाजारात, एका शेठजींसाठी माल पारखतात. हळद नीट शिजून, खडखडीत वाळून आलेली असली की तिची कांडी मोडताना टणकन आवाज येतो. आत ओल राहिली असली की आवाज बसका येतो. बाकीचे लोक कांडी मोडून आतला रंग बघतात. साडूभाऊ ती कानाशी नेऊन मोडतात आणि डोळे मिटतात. ते डोळे उघडेपर्यंत शेतकरी, हमाल आणि शेठजी असे तिघेही श्वास धरून उभे असतात. त्यांचा कान चुकला असं मोंढ्यात अजून कुणी म्हटलेलं नाही. एकदा मी घरी वापरायची हळद त्यांना दाखवायला नेली. त्यांनी एक कांडी मोडली आणि फार हळुवार आवाजात, जसं दवाखान्यात नातेवाइकांना सांगतात तसं, 'कोनाकडून घेतली?' एवढंच विचारलं. मी नाव सांगितलं नाही. त्या दुकानदाराला लेकरंबाळं आहेत.

तर हा कान दिवसभर हळद ऐकतो आणि उरलेला वेळ अल्बम. सेनगाव ते हिंगोली या रस्त्यावर धावणाऱ्या जीपवाल्यांना ते पक्के माहीत आहेत. पुढच्या सीटवर बसून ते खिशातला पेन ड्राइव्ह काढतात आणि ड्रायव्हरच्या गाण्यांना कायमची सुट्टी देतात. अडचण एवढीच की रस्ता संपतो आणि अल्बम संपत नाही. मागच्या साली एकदा जीप सेनगावच्या स्टँडवर येऊन उभी राहिली, माणसं उतरायला लागली, तर हे मागं वळून म्हणाले, 'दोन गाने राह्यले, बसा.' आणि नवल म्हणजे माणसं बसली. एक बाई कडेवरच्या लेकराला घेऊन बसली, एक म्हातारा औषधाची पिशवी मांडीवर घेऊन बसला, आणि बंद जीपमध्ये भर उन्हात तेरा माणसांनी शेवटची दोन गाणी ऐकली. संपल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, 'झालं का?' साडूभाऊ म्हणाले, 'झालं. कसं वाटलं?' म्हातारा म्हणाला, 'मला कमी ऐकू येतं बाबा, पर लोकं बसली म्हनून मी बी बसलो.' साडूभाऊंना या उत्तराचा राग आला नाही. पुढं वर्षभर ते त्या म्हाताऱ्याचं उदाहरण देत राहिले, की ऐकू येत नसताना माणूस शेवटपर्यंत बसला, आन तुमाला धड कान असून तकलीफ होते.

त्यांच्या भाचीच्या लग्नाच्या वेळी तर त्यांनी आमची झोप उडवली होती. मुलगा बघायला आम्ही चार जण गेलो होतो. नोकरी, शेती, सोयरीक असं सगळं बोलून झालं, पोहे झाले, आणि मुलाचे वडील 'अजून काही विचारायचं?' असं रीतीप्रमाणे म्हणाले. रीतीप्रमाणे आम्ही 'नाही नाही' म्हणणार, तेवढ्यात साडूभाऊ मुलाकडं वळून म्हणाले, 'या साली पुरा अल्बम कोनता ऐकला?' मुलगा म्हणाला, 'तसं काही नाही, मोबाइलवर येईल ते ऐकतो.' परतीच्या वाटेवर साडूभाऊंनी निकाल दिला की पोरगं चांगलं आहे, पण येईल ते ऐकणारा माणूस येईल तसा संसार करील. भाचीच्या आईनं कपाळावर हात मारला. पण तो मुलगाही वस्ताद निघाला. आठवड्यानं तो एकटाच मोंढ्यात येऊन साडूभाऊंसमोर उभा राहिला, भजनांचा एक आख्खा अल्बम ऐकून आला होता, आणि पाचवं गाणं तिसऱ्याच्या जागी हवं होतं असं त्यानं सांगितलं. साडूभाऊंनी त्याच दिवशी होकार कळवला. आज भाचीच्या घरी मी गेलो की तो जावई मला हळूच विचारतो, 'मामा आले नाहीत ना सोबत?'

या सगळ्याचा कळस म्हणजे यादी. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, साडूभाऊंच्या अंगणात सतरंजी टाकली जाते. मोंढ्यातले दोनचार जण, गल्लीतले काही, आम्ही नातेवाईक, असे पंधरावीस लोक जमतात. परातीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा असतात. साडूभाऊ धुतलेला पांढरा सदरा घालून, मांडीवर शाळकरी वही घेऊन, वर्षातले दहा उत्तम अल्बम दहाव्यापासून पहिल्यापर्यंत वाचतात. प्रत्येकाबरोबर शेरा. शेरे मोंढ्याचेच असतात. 'आवाज टनक, चाल मात्र जरा ओली.' 'वरून पॉलिश लई, आत कीड.' आपल्याकडचा कुणी गाणारा यादीत आला की गावात त्याची मान वर होते, आणि न आला की तो दोन महिने दुसऱ्या रस्त्यानं जातो. कारण यादीत वशिला चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. भीमगीतं गाणारे त्यांचे एक लहानपणापासूनचे मित्र आहेत, एका ताटात जेवलेले. त्यांचा अल्बम एका साली साडूभाऊंनी यादीतच घेतला नाही. मित्र वर्षभर बोलले नाहीत. पुढच्या साली त्यांनी तबलजी बदलला, नव्यानं रियाज केला, आणि दुसरा नंबर मिळाल्यावर पेढे घेऊन आले ते रडतच. एकदा खुद्द शेठजींनी हौसेनं आरत्यांचा अल्बम काढला होता. दुसरा कुणी असता तर डोळे झाकून पहिला नंबर देऊन मोकळा झाला असता. साडूभाऊ म्हणाले, 'शेठजी, माल ओला हाय.' शेठजी आठ दिवस गप्प होते. नवव्या दिवशी त्यांनी गल्ल्याजवळची आपली खुर्ची साडूभाऊंना दिली आणि स्वतः बाकावर बसले. असा माल पारखणारा माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही एवढं त्यांना कळत होतं.

यादीच्या दिवशी आत स्वयंपाकघरात शेंगा उकडायचं काम अक्काचं. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंची बायको. एकोणतीस वर्षं तिनं दर डिसेंबरात शेंगा उकडल्या आणि दुसऱ्यांचे नंबर दारातून ऐकले. स्वतः ती गोड गाते, पण ते आम्हाला भांडी घासतानाच्या आवाजामागून तेवढं माहीत. तर या साली अक्कानं आमची सगळ्यांची दांडी उडवली. गल्लीतल्या सहा बायांचं तिचं भजनी मंडळ आहे. त्या सहा जणी दसऱ्याच्या आधी जवळच्या पुसेगावला गेल्या आणि अल्बम काढून आल्या. तिथं लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका गृहस्थांनी घरातल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकून स्टुडिओ केलाय. दोन दिवसांत आठ गाणी झाली, निम्म्या ओव्या, निम्मी भजनं, आणि पुढं गाणारी अक्का. दिवाळीच्या फराळाच्या ताटात लाडवाशेजारी पेन ड्राइव्ह ठेवून अक्का साडूभाऊंना म्हणाली, 'हे बी ऐका. आन यादीत जसं बसंल तसं बसवा. बायको म्हनून काही करू नका.' साडूभाऊंनी लाडू खाल्ला, पेन ड्राइव्ह खिशात टाकला, आणि त्यानंतर दोन महिने त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. अक्कानंही विचारलं नाही. पण बाकी सगळे विचारत होते. मोंढ्यात विचारत होते, जीपमध्ये विचारत होते, माझ्या कचेरीतही एकानं फाइल पुढं करता करता विचारलं, 'मग, बाईंचा नंबर कितवा?'

माझ्या बायकोला तर काही सुचेना. 'अक्का हल्ली जेवत नाही नीट,' ती म्हणाली. 'तिला काय पाहिजे ते कळतंय का तुम्हाला? तिला त्या वहीत जायचंय. जन्मभर ज्या वहीसाठी शेंगा उकडल्या तिच्यात. दाजींनी तिला वगळलं तर ती पुन्हा तोंडातून सूर काढणार नाही, मी सांगते.' मी म्हणालो, 'मग पहिला नंबर देतील की.' 'तुम्ही जाऊन सांगा तसं,' बायको म्हणाली. आमच्या घरात ज्याला काही सुचतं त्यालाच ते करावं लागतं, हे मी दरवेळी विसरतो.

मोंढ्यात गेलो तेव्हा साडूभाऊ एका पोत्याशी बसले होते, पण कांडी हातात धरून नुसतेच बसले होते. आठ दिवसांची दाढी, डोळे खोल गेलेले. मी सरळच म्हणालो, 'साडूभाऊ, अक्काला पहिला नंबर देऊन टाका आणि सुटा.' त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं त्या दिवशी माझ्या हळदीकडं पाहिलं होतं.

'पोत्यावरचं नाव पाहून माल पास केला, तर इथं कोन उभं करंल मला?'

'अहो, पण बायको आहे.'

'व्हय ना. तीच तर तकलीफ हाय.' त्यांनी कांडी पोत्यात टाकली. 'तुमाला सांगतो, कोनाला बोलू नका. मला त्यो अल्बम ऐकूच येऊन नाही राहिला. गानं लावलं की तीच दिसती. इथं हिला खोकला झाला होता, इथं हिची माय वारली होती, असलंच काहीबाही. गानं बाजूलाच राहतं. बरं, भीमगीतवाल्या दोस्ताला म्हनलं, नाव न सांगता या सालचे समदे अल्बम एकापाठी एक लाव, मी डोळे बांधून बसतो. त्यानं लावले. ती गायच्या आधी बारीक खाकरती. तेवढ्यावरच वळखलं.'

'मग आता?'

'मंग म्हनलं, रोज ऐकू. चाळीस दिवस रोज ऐकला की आवाज सवयीचा होईल, आन नुसतं गानं उरंल.'

'झाला सवयीचा?'

साडूभाऊंनी हमालाला खूण केली. हमालानं पोतं उचलून दुसरं आणून ठेवलं. 'एकोनतीस साल ऐकून न्हाई झाला,' ते म्हणाले, 'चाळीस दिवसात काय होतो.' मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसून त्यांनी नव्या पोत्यात हात घातला, आणि मी परत आलो. बायकोनं विचारलं काय म्हणाले, तर मी 'बघू म्हणाले' असं सांगितलं. खरं सांगायला माझी जीभ वळली नाही.

यादीचा रविवार आला. यंदा सतरंजी पुरली नाही, शेजारच्यांच्या दोन आणाव्या लागल्या. भजनी मंडळाच्या पाच बाया नव्या साड्या नेसून एका रांगेत बसल्या होत्या. सहावी, म्हणजे अक्का, मात्र नेहमीच्याच पातळात स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. शेंगांची परात माझ्यासमोर होती, पण कुणी हात घालेना. साडूभाऊ दाढी करून, पांढरा सदरा घालून आले आणि वही उघडली. दहावा वाचला, एक लग्नातल्या गाण्यांचा अल्बम. नववा वाचला. आठवा वाचला, भीमगीतवाले मित्र, त्यांनी मान हलवली आणि मान्य केलं. प्रत्येक नंबराला माझी बायको माझ्या दंडाला चिमटा काढत होती आणि पुटपुटत होती, 'वर आहे, अजून वर आहे.'

साडूभाऊंनी पान उलटलं. 'सातवा,' ते म्हणाले, आणि घसा साफ केला. 'आमच्या गल्लीतल्या बायांचा.'

साडूभाऊ मान वर न करता शेरा वाचत राहिले, आणि त्यांचा आवाज इतर नंबरांना होता तसाच होता. 'चौथं गानं लांबलं, दोन कडवे कमी पाहिजे होते. टाळ पाचव्यात मागं पडले. सहाव्यात म्होरक्या बाईचा सूर वर जाताना फाटला, तिनं एवढ्या वर जायचं न्हाई. सातव्यात बकरी वरडली हाय, पर बकरी तालात हाय.' कुणीतरी हसलं. 'दुसरं गानं. या साली मी जेवढे गाने ऐकले, त्याच्यात या गान्यापरीस वर एक बी न्हाई. तिसऱ्या ओवीला बाई श्वास घ्यायला थांबती, तिथं जीपवाल्याला गाडी उभी करायला सांगितली होती मी. आठ गाने असे असते तर पहिला होता. एक हाय, म्हनून सातवा.'

माझ्या बायकोचा चिमटा तसाच दंडावर राहिला होता. मी दाराकडं बघायचं टाळत होतो. तिकडून अक्काचा आवाज आला, 'सातवा?'

'सातवा,' साडूभाऊ म्हणाले.

'सहावा कोनाचा हाय?'

साडूभाऊंनी नांदेडकडच्या एका गायिकेचं नाव घेतलं. अक्कानं जरा विचार केला. अंगणातले आम्ही वीसपंचवीस लोक तिच्या तोंडाकडं बघत होतो. 'बराबर हाय,' ती म्हणाली. 'ती आमच्यापरीस चांगली गाती.' आणि आत गेली.

माझी बायको तिच्यामागं धावली आणि मी बायकोमागं. अक्का चुलीशी उभी राहून पदरात तोंड घालून रडत होती, आणि रडता रडता हसत होती. 'अगं अक्का, एवढं का जिवाला लावून घेतेस,' माझी बायको म्हणाली, 'पुढच्या साली पहिला येशील. दाजींना काही कळत नाही.' अक्कानं पदर खाली केला. 'काहून कळत न्हाई? समदं कळतंय त्यायला. चौथं लांबलं ते मला बी माहीत व्हतं. सहाव्याला सूर फाटला तवा मी पुसेगावातच म्हनलं होतं, हे ह्यायला कळनार.' तिनं नाक पुसलं. 'पहिला दिला असता ना, तर मी त्यायचं तोंड बघितलं नसतं. खरा सातवा हाय गं. खरा सातवा हाय माझा.' मग तिला एकदम आठवलं की बाहेर अजून सहा नंबर व्हायचेत आणि शेंगा गार झाल्यात. ताज्या शेंगांचं पातेलं घेऊन ती बाहेर आली आणि या खेपेला दारात न थांबता सतरंजीवर आपल्या बायांच्या रांगेत जाऊन बसली. तो पहिला नंबर कुणाचा आला, ते खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही.

दुपारच्या यष्टीनं आम्ही दोघं हिंगोलीला निघालो. बायको खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंनी तूर उभी होती. मग ती म्हणाली, 'मी रोज विचारते, भाजी कशी झाली. तुम्ही काय म्हणता?'

'छान म्हणतो,' मी म्हणालो.

'बावीस वर्षं छानच होतेय?'

मी हसलो, पण ती हसली नाही. ती रागावलीही नव्हती. तिनं नुसतं विचारलं होतं. मी मनातल्या मनात उत्तर शोधायला लागलो, की हिचं काय पहिल्या नंबराचं, काय सातव्याचं, काय यादीतच न बसणारं, आणि माझ्या असं लक्षात आलं की मला सांगता येत नाही. वाईट काही नव्हतं, पण एवढ्या वर्षांत ती बोलायला लागली की दोन वाक्यांनंतर मी 'हं हं' म्हणत पुढं गेलेलो आहे. बायको एवढी गुणाची, आणि मी कधी शेवटपर्यंत बसलेलो नाही. मला फार वाईट वाटलं. परवाच तिच्या शाळेतल्या कुठल्या मैत्रिणीचं काहीतरी ती मला सांगत होती, ते मला अर्धवट आठवलं.

'ते परवा तू काय सांगत होतीस,' मी म्हणालो, 'तुझ्या मैत्रिणीचं?'

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. 'काहून?'

'सांग ना. पहिल्यापासून सांग. मी ऐकतो.'

ती थोडा वेळ बघत राहिली, मला खरंच ऐकायचंय का ते पारखत असावी. तोंड उघडलंही तिनं. मग खिडकीबाहेर बघून पिशवी उचलली आणि म्हणाली, 'आता काय सांगू, डेपो आला.'